वाळल्या गवताखालचा संसार

ऑक्टोबर महिना. पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशाच्या उत्तर भागात पसरलेले सेरेंगेटीचे मैदान पिवळेकरडे पडलेले असते. जूनपासून म्हणावा तसा पाऊस झालेला नसतो. गवताची काडी बोटांत धरताच मोडते. वारा सुटला की धूळ उडते. चरणारे कळप केव्हाच उत्तरेकडे, बारमाही पाणी असलेल्या मारा नदीच्या बाजूला निघून गेलेले असतात. पाहणाऱ्याला वाटावे, या भूमीत आता प्राण उरलेला नाही.

नोव्हेंबरात ढग येतात. दोन-चार सरी पडतात आणि थोड्याच दिवसांत सगळ्या मैदानावर हिरवी झाक दिसू लागते. त्या हिरवळीच्या मागोमाग सुमारे १३ लाख विल्डेबीस्ट दक्षिणेकडे परततात. गाईसारखा बांधा, घोड्यासारखी शेपटी आणि हनुवटीखाली दाढी असलेली ही हरणकुळातील जनावरे. त्यांच्याबरोबर लाखांच्या घरात झेब्रे आणि गॅझेल जातीची हरणे असतात. त्यांच्या मागावर सिंह, तरस आणि चित्ते येतात. वर्षानुवर्षे हा क्रम चालू आहे.

मेल्यासारखे दिसणारे गवत इतक्या लवकर उठते कसे? पावसामुळे, हे उत्तर खरे आहे, पण ते अर्धेच आहे. पाण्याबरोबर गवताला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस लागतो, आणि मातीतले स्फुरद गोळा करण्यात गवताचे मूळ एकटे फारच कमी पडते. त्याला एका सोबत्याची मदत लागते. हा सोबती डोळ्यांना दिसत नाही. मुळांच्या आत आणि मुळांभोवती राहणारी ती एक बुरशी आहे.

मुळांचा जुना सोबती

बुरशी म्हटले की शिळी भाकरी, लोणच्याची खराब झालेली बरणी किंवा पिकावरचा रोग आठवतो. मुळांत राहणारी ही बुरशी मात्र झाडाचे नुकसान करीत नाही. १८८५ साली आल्बर्ट फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने तिच्यासाठी ‘मायकोरायझा’ हा शब्द तयार केला. ग्रीक भाषेतील ‘बुरशी’ आणि ‘मूळ’ या दोन शब्दांची ती जोड आहे. जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीची लागवड करता येईल का, हे शोधण्याचे काम सरकारने फ्रांककडे सोपवले होते. ट्रफलचा शोध घेता घेता त्याच्या लक्षात आले की, झाडाच्या मुळांवरचे बुरशीचे आवरण हा रोग नसून त्याचा झाडाला उपयोग होत असावा. अनेकांना ही कल्पना बरीच वर्षे पटली नाही.

आज या सहजीवनाचे कित्येक प्रकार माहीत आहेत. त्यांतला सर्वांत जास्त पसरलेला प्रकार मुळाच्या पेशींमध्ये शिरून राहतो. जमिनीवरच्या दर दहा वनस्पतींपैकी सुमारे सात वनस्पतींच्या मुळांत तो सापडतो. गवत, ज्वारी, मका, तूर, कांदा, आंबा, बाभूळ अशी ही यादी खूप लांब आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी गावाजवळच्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत अगदी आरंभीच्या वनस्पतींचे अवशेष मिळाले. त्यांच्या पेशींतही याच बुरशीच्या खुणा दिसल्या. वनस्पतींना नीटशी मुळे फुटण्याच्या आधीपासून ही सोबत आहे.

या सोबतीत देणेघेणे असते. स्फुरद मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहते आणि पाण्याबरोबर सहसा वाहत येत नाही. मूळ आपल्या अगदी लगतचे, मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरावरचे स्फुरद शोषून घेते आणि मग त्याच्याभोवतीची माती रिकामी होते. बुरशीचे तंतू केसाच्या दहाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही बारीक असतात. जिथे मूळ शिरू शकत नाही अशा फटींत ते शिरतात, मुळापासून कित्येक सेंटिमीटर दूर जातात आणि तिथले स्फुरद, जस्त व थोडा नत्र मुळापर्यंत पोहोचवतात. मोबदल्यात वनस्पती सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नाचा काही वाटा बुरशीला देते. शंभर भागांतले ४ ते २० भाग इतका हा वाटा असू शकतो. बुरशीला केवळ साखरच मिळते असे पूर्वी समजत असत. वनस्पती तिला स्निग्ध पदार्थही पुरवते, हे २०१७ साली स्पष्ट झाले. ही बुरशी स्वतःचे अन्न स्वतः मिळवू शकत नाही. जिवंत मुळावाचून तिची वाढ पुरी होत नाही.

मग प्रश्न असा येतो की, पाच-पाच महिने पाऊस नसताना, गवताची पाने वाळलेली आणि बारीक मुळे मेलेली असताना ही बुरशी जगते कशी? आणि पाऊस आला हे तिला कळते कसे?

पहिली सर पडते तेव्हा

कोरड्या मातीवर पहिले पाणी पडले की मातीत एकदम गडबड उडते. केनियात काम करणारे मृदाशास्त्रज्ञ एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली दाखवून दिले की, वाळलेली माती भिजताच तिच्यातला सेंद्रिय अंश झपाट्याने कुजू लागतो आणि पोषक द्रव्ये एकदम मोकळी होतात. कोरड्या काळात मेलेले सूक्ष्मजीव हेही त्यांतले एक खाद्य असते. ही पर्वणी थोडे दिवसच टिकते. ज्याचे तोंड त्या वेळी उघडे असेल त्याला घास मिळतो, नाहीतर तो दुसरा कोणी उचलतो किंवा पाण्याबरोबर तो निसटून जातो.

गवताच्या बुडख्यातून नवी मुळे फुटू लागतात आणि त्यांच्यातून काही रसायने अतिशय अल्प प्रमाणात मातीत पाझरतात. स्ट्रायगोलॅक्टोन हे त्यांचे नाव. ही रसायने जवळच्या बुरशीला पोहोचली की तिचा तंतू भराभर फांद्या फोडतो आणि मुळाच्या दिशेने वाढतो. हा निरोप कसा जातो ते जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली उलगडले. त्यातली गंमत अशी की, याच कुळातले रसायन १९६६ पासून एका वेगळ्याच कारणासाठी माहीत होते. ज्वारीच्या मुळांवर जगणारे टारफुला नावाचे तण शेतकऱ्यांना चांगलेच ठाऊक असते. आफ्रिकेच्या सॅव्हाना प्रदेशातही टारफुल्याच्या जाती ज्वारी, बाजरी आणि मक्याचे फार नुकसान करतात. टारफुल्याचे बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि मुळातून हे रसायन पाझरले की उगवते. मुळाने सोबत्याला धाडलेली चिठ्ठी चोराने वाचावी, तसाच हा प्रकार आहे. चोराचा धोका पत्करूनही वनस्पती चिठ्ठी धाडत राहते, यावरून तिला सोबत्याची गरज किती आहे ते कळते.

भर पावसातले दिवस

मुळात शिरल्यावर बुरशी पेशीच्या आत लहानशा झाडासारख्या फांद्या पसरते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी मूळ अल्कलीत उकळून मऊ व पारदर्शक करतात आणि मग रंगवतात. तेव्हा पेशीपेशींत एकेक निळे झुडूप उभे असल्यासारखे दिसते. स्फुरद देण्याचे काम याच झुडपांत होते. एक झुडूप थोडेच दिवस जगते, मग विरघळते आणि दुसऱ्या पेशीत नवे तयार होते. पाऊस चालू आहे, पाने हिरवी आहेत आणि अन्न तयार होत आहे, तोवर हा व्यवहार जोरात चालतो.

याच दिवसांत मैदानाच्या आग्नेय भागातील आखूड गवतावर विल्डेबीस्टच्या माद्या वितात. बहुतेक वासरे फेब्रुवारीच्या आगेमागे, अवघ्या काही आठवड्यांत जन्मतात. जन्मल्यावर थोड्या मिनिटांतच वासरू पायांवर उभे राहते. लाखो माद्या एकाच वेळी दूध पाजत असतात आणि दुधासाठी, वासराच्या हाडांसाठी स्फुरद व कॅल्शियम लागते. सेरेंगेटीचा दीर्घकाळ अभ्यास केलेले सॅम्युअल मॅकनॉटन यांनी १९९० साली मांडले की, कळपांच्या या भटकंतीमागे पाण्याबरोबर गवतातील खनिजांचाही हात आहे. पाऊसकाळात कळप जिथे जातात, त्या गवतात गाभण आणि दुभत्या माद्यांना लागणारी खनिजे पुरेशी असतात. वासराच्या हाडातले स्फुरद मातीतून गवतात, गवतातून दुधात असे आलेले असते. त्या वाटेच्या पहिल्या टप्प्यावर बुरशीचे बारीक तंतू असतात.

दोन टोकांची दोन तऱ्हा

सेरेंगेटीचे मैदान सगळीकडे सारखे नाही. आग्नेयेला वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर वायव्येला त्याच्या दुपटीहून अधिक. आग्नेयेची माती गोरोंगोरोच्या डोंगराळ भागातील ज्वालामुखींच्या राखेपासून बनलेली आहे. त्यांपैकी ओल्डोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी अजून जागा असून २००७-०८ मध्येही त्याचा मोठा उद्रेक झाला होता. म्हणून तिथली माती खनिजांनी समृद्ध, पण पाऊस कमी. वायव्येला पाऊस अधिक आणि गवत उंच, पण ते तितके सकस नसते.

बुरशीलाही या फरकाची दखल घ्यावी लागते. सर्वसाधारण नियम असा की, मातीत स्फुरद भरपूर असेल तर वनस्पती बुरशीला देण्याचा वाटा आखडता घेते आणि स्फुरद कमी असेल तर हात मोकळा सोडते. जनावरांनी पाने खाल्ली की मुळांकडे जाणारे अन्नही कमी होऊ शकते. म्हणजे पाऊस, माती आणि चराई या तिन्ही गोष्टी जमिनीखालच्या संसारापर्यंत पोहोचतात. अनिता अँटोनिन्का, मार्क रिची आणि नॅन्सी जॉन्सन यांनी सेरेंगेटीतील या बुरशीचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला आणि तिला ‘लपलेली सेरेंगेटी’ असे नाव दिले. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात गणिताच्या आधारे असे दाखवले गेले की, या सोबतीचा परिणाम गवतावर थांबत नाही. गवत चरणारी जनावरे आणि त्यांच्यावर जगणारे शिकारी प्राणी यांच्यापर्यंत तो जातो.

झाडांचे सोबती वेगळे

टांझानियाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला गेले की गवताचे मोकळे मैदान संपते आणि मिओम्बो नावाचे विरळ रान लागते. इथल्या मोठ्या झाडांच्या मुळांवर बुरशीचा वेगळा प्रकार असतो. ती पेशीत शिरत नाही, मुळाच्या टोकांवर मोजा घातल्यासारखी चढते. या रानाची एक खूण सर्वांना ठाऊक असते. पाऊस सुरू होण्याच्या काही आठवडे आधीच झाडांना तांबडी-तांबूस पालवी फुटते आणि सारे रान रंगून जाते.

पाऊस पडला की ही बुरशी जमिनीच्या वर दिसू लागते, अळंबीच्या रूपात. पिवळ्या, नारिंगी अळंब्या वेचायला बायका आणि मुले सकाळीच रानात जातात. घरातले धान्य संपत आलेले आणि शेतात नवे पीक तयार न झालेले, अशा दिवसांत या अळंबीचा कालवणाला आधार होतो. उरलेली वाळवून ठेवतात किंवा रस्त्याच्या कडेला विकतात. भारतातही असाच एक मेवा मिळतो. बस्तरच्या सालवनात पहिल्या पावसानंतर जमिनीतून उकरून काढला जाणारा आणि बाजारात चढ्या भावाने जाणारा ‘बोडा’ सालवृक्षाच्या मुळांच्या सोबतीनेच वाढतो. वारुळावर उगवणारी अळंबी मात्र निराळी. तिचा सोबती झाड नसून वाळवी असते.

पाऊस सरतो तेव्हा

सेरेंगेटीत मे महिना संपत आला की गवत बी धरते आणि पिवळे पडू लागते. बुरशीही तयारीला लागते. आपल्या तंतूंच्या टोकांवर ती जाड कवचाचे गोल बीजाणू तयार करते आणि त्यांत तेलाचा साठा भरून ठेवते. त्यांतले मोठे बीजाणू साध्या डोळ्यांनाही टिंबाएवढे दिसतात. ते शोधायचे तर माती पाण्यात कालवून एकाहून एक बारीक चाळण्यांतून गाळावी लागते. १९६३ पासून प्रचलित झालेली ही पद्धत स्वयंपाकघरातल्या कामासारखीच आहे. मेलेल्या मुळांच्या तुकड्यांतही बुरशीचे तेलाने भरलेले फुगे शिल्लक राहतात.

पण उन्हाळ्यासाठी एवढीच बेगमी नसते. मातीत पसरलेले तंतूंचे जाळेसुद्धा सगळे मरत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात वर्षातले काही महिने असेच कोरडे जातात. तिथल्या जॅस्पर, ॲबट आणि रॉबसन या शास्त्रज्ञांनी १९८९ साली एक साधा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. बुरशीचे तंतू असलेली माती त्यांनी पूर्ण वाळू दिली. काही माती जशीच्या तशी ठेवली आणि काही हलवून मोकळी केली. मग दोन्हींत रोपे लावून पाणी दिले. न हलवलेल्या मातीतले तंतू नव्या मुळांत शिरले. हलवलेल्या मातीत ही शक्ती नष्ट झाली होती. कोरडेपणा जाळ्याला सोसला, पण मोडतोड सोसली नाही.

या प्रयोगाने सॅव्हानाचे एक मर्म हाती दिले. जाळे जागेवर शाबूत असेल तर नवे मूळ उगवताच आयत्या जाळ्याला जोडले जाते आणि पहिल्या पावसाची अल्पकाळाची पर्वणी त्याच्या वाट्याला येते. जाळे तुटलेले असेल तर सुरुवात पुन्हा बीजाणूपासून करावी लागते आणि तेवढा वेळ हातचा जातो. सॅव्हानात वणवेही लागतात. पण गवताची आग झपाट्याने पुढे सरकते आणि तिची धग मातीत फार खोल जात नाही. त्यामुळे वरचे गवत जळाले तरी खालचे जाळे बहुतांशी वाचते.

सोबत तुटली तर

ही बुरशी कोरडे महिने काढू शकते, पण मुळांवाचून किती काळ? याचे उत्तर ऑस्ट्रेलियातीलच क्वीन्सलँडच्या शेतकऱ्यांना नुकसान सोसून मिळाले. पावसाचे पाणी मातीत साठावे म्हणून तिथले शेतकरी काही शेते वर्षभराहून अधिक काळ पड ठेवत. एकही तण उगवू देत नसत. पुढच्या पिकाला ओल भरपूर मिळायची, तरीही पीक खुरटे निघायचे. या प्रकाराला ते ‘लांब पडीचा विकार’ म्हणत. १९८७ साली जे. पी. टॉम्प्सन यांनी त्याचे कारण दाखवले. इतके दिवस एकही जिवंत मूळ नसल्यामुळे मातीतली बुरशी घटली होती आणि पिकाला स्फुरद व जस्त मिळत नव्हते. पाणी होते, मातीत खनिजे होती, पण ती मुळापर्यंत नेणारे कोणी उरले नव्हते.

ही गोष्ट महाराष्ट्रालाही लागू पडते. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा इथली माळराने ही खरोखर सॅव्हानाच आहेत. मोकळे गवत, अधूनमधून खैर, बाभूळ, तरवड आणि वर्षातले सात-आठ महिने कोरडे. जंगल तोडून हे माळ तयार झाले, असा समज फार दिवसांचा आहे. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या मराठी कथा, चरित्रे आणि लोकगीते यांतले झाडाझुडपांचे उल्लेख त्यांनी तपासले. तेराव्या शतकापासूनच्या साहित्यात सॅव्हानाच्याच वनस्पती पुन्हापुन्हा भेटतात, असे त्यांना दिसले. म्हणजे हे माळ निदान साडेसातशे वर्षे असेच आहेत.

तरीही सरकारी दप्तरात अशा कितीतरी जमिनी ‘पडीक’ म्हणून नोंदल्या गेल्या. पडीक म्हटले की काहीतरी करावेसे वाटते. उन्हाळ्यात यंत्र लावून माळ उकरायचा, चर खणायचे आणि पाऊस पडला की रोपे लावायची. हेतू चांगलाच असतो. पण ऐन कोरड्या दिवसांत उकरलेल्या मातीबरोबर जुने गवत जाते, त्याची मुळे जातात आणि त्या मुळांभोवती पावसाची वाट पाहत असलेले जाळेही तुटते. वरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. धनगराच्या मेंढ्या, माळढोक, काळवीट आणि लांडगा ज्या गवताच्या आधाराने जगत आले, त्याची मुळे त्या जाळ्यात गुंतलेली असतात.

घरच्या परसबागेलाही यातून थोडा बोध घेता येईल. वाफा वर्षभर मोकळा ठेवू नये. एक पीक निघाले की दुसरे काहीतरी मुळे धरून असावे. गरज नसताना माती वरचेवर खोल खणू नये. स्फुरदाचे खत मूठमूठ टाकले म्हणजे झाड खूश होते असे नाही, कारण आयते स्फुरद मिळाले की ते बुरशीची सोबत सोडू लागते. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी आणि पालक या भाज्यांच्या मुळांत ही बुरशी सहसा राहत नाही. म्हणून त्यांच्यानंतर त्याच वाफ्यात कांदा, मका किंवा एखादे शेंगवर्गीय पीक घेतले की मातीला तिचा सोबती पुन्हा मिळतो.

सेरेंगेटीत पुढच्या नोव्हेंबरात ढग येतील, तेव्हा कळपांना खालचे जाळे दिसणार नाही. त्यांना फक्त हिरवे गवत दिसेल आणि त्या दिशेने ते चालू लागतील. इकडे सोलापूरच्या माळावर जूनची पहिली सर पडेल, तेव्हा मेंढ्याही तशाच नव्या कोंबांकडे धावतील. माळ उन्हाळ्यात कितीही ओसाड दिसला, तरी फावडे किंवा यंत्र लावण्याआधी त्याला एक पावसाळा पाहू द्यावा. पडीक कोणते आणि जिवंत कोणते, हे त्या वेळी त्या गवतावरूनच कळेल.